दोन शर्यतींचा हिशेब

लांब पल्ल्याची शर्यत पाहावयास गेलेला प्रेक्षक बहुधा त्या एका शर्यतीपुरताच विचार करतो. बंदुकीचा बार होतो, अर्धा तास माणसें त्याच वाटोळ्या मार्गावरून फिरत राहतात, शेवटच्या फेरीची घंटा वाजते आणि कोणी तरी पुढें निघून जातो. परंतु धांवणारास व त्याच्या मार्गदर्शकास त्याच वेळीं दुसरा एक प्रश्न ग्रासून असतो. मोठ्या क्रीडासंमेलनांत दहा हजार मीटरांची शर्यत एके दिवशीं असते व पांच हजारांची त्यानंतर थोड्याच दिवसांनीं. ज्याचा दम दोन्ही अंतरांना पुरण्यासारखा आहे त्यानें त्यांपैकीं एकच धांवावी कीं दोन्ही धांवाव्या? एकच धांवल्यास सगळी शक्ति तीवर खर्चितां येते. दोन धांवल्यास दोन पदकांची आशा, आणि त्या आशेच्या पाठीला पाठ लावून दोन्ही हातचीं जाण्याची धास्ती. या प्रश्नाचें उत्तर नुसत्या हिमतीनें देतां येत नाहीं. त्याला हिशेब लागतो. आणि तो हिशेब पुष्कळदां शर्यतीच्या आधींच, कधीं कधीं तर धांवणाराच्या लहानपणींच, अर्धाअधिक मांडला गेलेला असतो.

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हे तालुके म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. पालघर हा वेगळा जिल्हा झाला तो २०१४ सालच्या ऑगस्टमध्यें. त्यापूर्वीं हा सारा भाग ठाणें जिल्ह्यांत मोडे, आणि त्याच्याही पूर्वीं जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ही येथली मूळची वस्ती. पाऊस मुबलक पडतो. पण तो उतारावरून वाहून जातो, आणि होळी झाली कीं बायकांना हंडाभर पाण्यासाठीं दरींत उतरावें लागतें. भात, नागली व वरई हीं पिकें. तीं घरांत पुरतात तोंवर पुरतात. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. जव्हार तालुक्यांतील वांगणी हें गांव शहरांतल्या सुशिक्षित घरांना ठाऊक झालें तें एखाद्या जत्रेच्या किंवा बोहाड्याच्या निमित्तानें नव्हे. १९९२ सालीं वावर आणि वांगणी या गांवांच्या परिसरांत शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें व त्याच्या पाठोपाठ आलेल्या आजारांनीं दगावलीं. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, सरकारी दौरे झाले, योजना निघाल्या. आणि वावर-वांगणी हीं दोन नांवें जोडीनें उच्चारण्याची महाराष्ट्राला सवय लागली.

याच मुलखाला लागून, घाटाच्या वरच्या अंगास, नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यांत हरसूलच्या बाजूला सावरपाडा म्हणून एक पाडा आहे. मध्यें जिल्ह्याची सीमा आहे खरी. पण ती कागदावर. माणसें तींच, बोली तीच, नागलीची भाकरी तीच. १९९२ सालीं या पाड्यांतील एक कोकणा मुलगी सात वर्षांची होती. तिचें नांव कविता राऊत. पुढें वर्तमानपत्रांनीं तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणावयास सुरुवात केली तेव्हां हा पाडा नकाशांत शोधण्याची वेळ अनेकांवर आली. धांवण्याचाच खेळ तिनें निवडला याचें कारण अगदीं साधें होतें. त्याला बूट लागत नाहींत, साधनें लागत नाहींत; अनवाणी पायांनींही धांवतां येतें.

येथें एका लाडक्या समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. डोंगर आणि दारिद्र्य यांतून लांब पल्ल्याचे धांवपटू आपोआप घडतात, असें शहरांत बसून मोठ्या कौतुकानें म्हटलें जातें. ही समजूत जुनी आहे. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत दोराबजी टाटा यांनीं शेतकरी मुलांना अनवाणी धांवतांना पाहिलें आणि त्यांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी धांवपटू पाठविण्याची कल्पना निघाली. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले हे त्या ऑलिंपिकच्या मॅरॅथॉन शर्यतींत एकोणिसावे आले. कौतुक रास्तच होतें. परंतु ज्या डोंगरानें एक कविता राऊत दिली त्याच डोंगरानें वांगणीचीं मुलेंही दिलीं, हें विसरून चालणार नाहीं. चढउतारानें पाय चिवट होतात हें खरें. पण लांब पल्ल्याच्या धांवण्याचें मूळ भांडवल रक्तांत असतें. फुप्फुसांतला प्राणवायु स्नायूंपर्यंत वाहून नेण्याचें काम रक्तांतील लोहयुक्त द्रव्य करतें. लोह कमी तर प्राणवायु कमी; प्राणवायु कमी तर शेवटच्या चार फेऱ्यांत पाय जड. त्यांतून स्त्रियांना लोहाची गरज पुरुषांपेक्षां अधिक. आणि रोज पंधरा-वीस मैल कठीण जमिनीवर पाय आपटणाऱ्या धांवपटूच्या शरीरांतून तें नेहमींपेक्षां जास्त खर्चीं पडतें. ज्या मुलुखांत बाळंतिणीच्याच अंगीं रक्त नाहीं तेथें जन्मलेल्या मुलीनें पंचवीस फेऱ्यांची शर्यत आंतरराष्ट्रीय चालीनें धांवावी, हें डोंगराच्या कृपेनें घडलें असें म्हणण्यापेक्षां डोंगरांत असूनही घडलें असें म्हणणें अधिक खरें. त्या घडण्यांत नाशिकचा वाटा मोठा आहे. तेथें विजेंद्रसिंग यांच्या हाताखालीं तिचें शिक्षण झालें. नियमित आहार, नियमित विश्रांति आणि घड्याळ लावून धांवणें या तीन गोष्टी तिला पाड्याबाहेर आल्यावर मिळाल्या.

२०१० सालच्या ऑक्टोबरमध्यें दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडासंमेलन भरलें. ८ तारखेस झालेल्या स्त्रियांच्या दहा हजार मीटरांच्या शर्यतींत केनियाच्या दोघींच्या मागोमाग कविता राऊत तिसरी आली. वेळ ३३ मिनिटें ५.२८ सेकंद. या संमेलनांच्या इतिहासांत धांवमार्गावर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. स्त्रीपुरुष मिळून पाहिलें तर १९५८ सालीं कार्डिफ येथें मिल्खासिंगनें मिळविलेल्या सुवर्णपदकानंतरचें तें पहिलेंच. एवढ्यावर वर्ष संपलें असतें तरी कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण त्यानंतर सहा आठवड्यांनीं चीनमध्यें ग्वांगझू येथें आशियाई क्रीडासंमेलन होतें, आणि तेथें दहा हजार व पांच हजार या दोन्ही शर्यतींत तिचा हक्क पोंचत होता.

दोन्ही धांवाव्या काय? वरवर पाहतां या दोन शर्यती सख्ख्या बहिणी वाटतात. चारशें मीटरांच्या मार्गावर दहा हजारांना पंचवीस फेऱ्या, पांच हजारांना साडेबारा. दोहोंतही मुख्य लागतो तो दमच. चालींतला फरक ऐकून सामान्य माणसास हसूं येईल. ग्वांगझूला तिनें दहा हजारांत दर फेरीस सरासरी सुमारें साडेशहात्तर सेकंद घेतले आणि पांच हजारांत सुमारें सव्वात्र्याहत्तर. फरक सवातीन सेकंदांचा. पण या सवातीन सेकंदांसाठीं वर्ष वर्ष मेहनत करावी लागते, आणि ती मेहनतही दोन प्रकारची. दहा हजारांसाठीं सारखी, न तुटणारी चाल अंगीं बाणवावी लागते; पांच हजारांत मधूनच चाल बदलते आणि शेवटच्या फेरींत जवळजवळ वेगळीच शर्यत सुरू होते. एकीची तयारी अति झाली कीं दुसरीची धार बोथट होते.

शरीराचा हिशेब आणखी निराळा. स्नायूंत व यकृतांत पिठूळ साखरेसारखें एक द्रव्य सांठविलेलें असतें. शास्त्रज्ञ त्यास ग्लायकोजन म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरांत तें साधारण चारशें-पांचशें ग्रॅम भरतें. अर्ध्या तासाच्या शर्यतींत हा सांठा रिता होत नाहीं, आणि जी तूट येते ती दिवसभराच्या व्यवस्थित जेवणानें भरून निघते. तेव्हां ‘शक्ति संपली’ असें जें सररास म्हणतात तें दहा हजारांच्या बाबतींत फारसें खरें नाहीं. खरी अडचण आहे ती स्नायूंच्या तंतूंची. खिळ्यांचे बूट घालून, सतत डाव्या अंगास वळत, हजारों पावलें जोरानें टाकलीं कीं पोटऱ्यांतील व मांड्यांतील तंतु बारीक बारीक ठिकाणीं दुखावतात. ही दुखापत लबाड असते. शर्यत संपल्यावर ती जाणवत नाहीं. दुसरे दिवशीं जिना उतरतांना जाणवते, आणि उतरण्यास तीन-चार दिवस घेते. म्हणून दोन शर्यतींमध्यें किती दिवस आहेत हा दुहेरीच्या हिशेबांतला पहिला आंकडा. दुसरा आंकडा प्राथमिक फेरीचा. आधीं एक चाळणीची शर्यत धांवून मग अंतिम शर्यत धांवावयाची असेल तर दोन शर्यतींच्या तीन होतात. तिसरा आंकडा कागदावर मांडतां येत नाहीं: पदक मिळाल्यावरची रात्र. समारंभ, वार्ताहर, औषधतपासणी, घरचे दूरध्वनि. धांवणारा अंथरुणास पाठ टेकतो तेव्हां मध्यरात्र उलटलेली असते आणि झोंप येत नाहीं.

एक शर्यत अधिक धांवण्यानें केवढें नुकसान होतें याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक यानें ३० जुलैस दहा हजार मीटरांची शर्यत जिंकली. दुसरे दिवशीं पांच हजारांची प्राथमिक फेरी होती. तींत पहिले येण्याची गरज नव्हती; अंतिम शर्यतींत जागा मिळणार हें निश्चित होतें. तरीसुद्धां स्वीडनच्या आल्डेनशीं त्याची विनाकारण चुरस लागली आणि दोघे जिवाच्या आकांतानें शेवटची फेरी धांवले. २ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. बेल्जियमचा गास्तोन रेफ बराच पुढें निघून गेला होता. झाटोपेक शेवटच्या फेरींत वादळासारखा मागून आला, आणि दोन दशांश सेकंदानें हरला. रेफची वेळ १४ मिनिटें १७.६ सेकंद, त्याची १४ मिनिटें १७.८ सेकंद. प्राथमिक फेरींत उधळलेली शक्ति त्याला त्या दोन दशांशांत परत मिळाली असती असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल. चार वर्षांनीं हेलसिंकीस त्यानें पांच हजार, दहा हजार आणि वर मॅरॅथॉनही जिंकून उट्टें काढलें, पण तो झाटोपेक होता. त्याच्या आधीं फिनलंडच्या कोलेमायनेननें १९१२ सालीं व नंतर पुष्कळांनीं पांच-दहा हजारांची ही जोडी साधली. स्त्रियांत ऑलिंपिकमध्यें ती प्रथम साधली इथियोपियाच्या तिरुनेश दिबाबा हिनें, २००८ सालीं बीजिंगला. स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्यें फार उशीरां आल्या, तेव्हां हा उशीर त्यांच्या पायांचा नव्हे.

आतां ग्वांगझू. दिल्लीच्या तुलनेनें तीन गोष्टी अनुकूल होत्या. केनिया आशियांत नाहीं. दोन शर्यतींमध्यें विश्रांतीला कांहीं दिवस मिळत होते. आणि केरळची प्रीजा श्रीधरन ही भारताचीच दुसरी धांवपटू त्याच दोन शर्यतींत बरोबर होती. चाल ठेवण्यास ओळखीचें माणूस शेजारीं असणें याची किंमत लांब पल्ल्याच्या शर्यतींत फार असते. प्रतिकूल गोष्ट एकच, पण ती जबर होती. बहरीननें पूर्व आफ्रिकेंत जन्मलेल्या धांवपटूंना आपल्या झेंड्याखालीं घेतलें होतें, आणि त्यांच्यांतल्या कोणाची दुहेरी कोणत्या बाजूनें येईल याचा भरंवसा नव्हता.

२१ नोव्हेंबरला दहा हजारांची शर्यत झाली. प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटें ५०.४७ सेकंदांत पहिली आली, कविता राऊत ३१ मिनिटें ५१.४४ सेकंदांत दुसरी, आणि बहरीनची शिताये एशेते तिसरी. दिल्लीच्या मानानें तब्बल त्र्याहत्तर सेकंदांहून अधिक सुधारणा झाली होती. दिल्लीची शर्यत पदकाच्या डावपेंचांची होती, वेळेची नव्हती, हें लक्षांत घेतलें तरी ही उडी लहान नव्हे. हातांत रौप्यपदक होतें. दुसरी शर्यत सोडून दिली असती तर त्या पदकास कोणी बट्टा लावला नसता.

ती सोडली गेली नाहीं. त्याच आठवड्यांत पांच हजारांची शर्यत झाली. बहरीनची मिमी बेलेते १५ मिनिटें १५.५९ सेकंद, प्रीजा श्रीधरन १५ मिनिटें १५.८९, कविता राऊत १५ मिनिटें १६.५४. तीन पदकें एका सेकंदाच्या आंत. कवितेला कांस्यपदक मिळालें.

हे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या शर्यतींत सुवर्णपदक हुकलें ०.९७ सेकंदानें, दुसरींत ०.९५ सेकंदानें. पंधरा किलोमीटर धांवण्यास तिला एकंदर सत्तेचाळीस मिनिटें आठ सेकंद लागले, आणि दोन सुवर्णपदकें व तिच्यामध्यें सगळें मिळून दोन सेकंदांहूनही कमी अंतर होतें. सरासरी चालीनें मोजल्यास दर शर्यतीला पांच मीटर. साधारण दिवाणखान्याच्या लांबीइतकें.

मग प्रश्न उभा राहतोच: दहा हजार धांवली नसती तर पांच हजार जिंकली असती काय? या प्रश्नाला ‘होय’ म्हणणें सोपें आहे, पण हिशेब तसें सांगत नाहीं. प्रीजा श्रीधरन त्याच आठवड्यांत तीच दहा हजारांची शर्यत धांवली होती, शिवाय जिंकली होती. तरी ती पांच हजारांत सुवर्णपदकापासून अवघी तीन दशांश सेकंद मागें राहिली. थकवा दोघींच्या वांट्यास सारखाच होता. आणि पहिली आलेली बेलेते तरी ताज्या पायांनीं कोठें आली होती? तीही याच संमेलनांत पंधराशें मीटर धांवून कांस्यपदक मिळवून आलेली. फरक एवढाच, कीं तिची दुहेरी वरून नव्हे, खालून होती. पंधराशेंचा धांवपटू पांच हजारांत येतो तो शेवटच्या दोनशें मीटरांचा वेग बरोबर घेऊन. दहा हजारांचा येतो तो दम घेऊन. शर्यत शेवटच्या फेरीपर्यंत एकत्र राहिली तर दमाचें कर्ज कोणी मागत नाहीं, वेग मात्र रोख द्यावा लागतो. तेव्हां कवितेचें जें एक सेकंद कमी पडलें तें आठवड्याच्या थकव्यानें नव्हे, तर वेगाच्या तोकडेपणानें. आणि तो तोकडेपणा पहिली शर्यत न धांवतां भरून निघाला नसता. उलट दोन्ही धांवल्यामुळें एका पदकाचीं दोन झालीं. मार्गदर्शकाचा निर्णय बरोबर होता. पुढें तिनें आपला कल ओळखून अंतर वाढवीत नेलें. २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडासंमेलनांत २ तास ३८ मिनिटें ३८ सेकंदांत मॅरॅथॉन जिंकली आणि त्याच वर्षीं रिओ ऑलिंपिकमध्यें ती मॅरॅथॉन धांवली.

महाराष्ट्रांतली दुसरी दुहेरी याहून अवघड जातीची. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत मांडवा नांवाचें गांव आहे. तेथील एका शेतकरी घरांतील अविनाश साबळे हा सहा किलोमीटरवरच्या शाळेंत पायीं, बहुधा धांवतच, जाई. बारावीनंतर तो लष्करांत महार पलटणींत दाखल झाला, सियाचीनच्या बर्फांत राहिला, आणि वयाच्या विशीनंतर शर्यतींकडे वळला. २०१७ सालीं अमरीशकुमार यांनीं त्याला तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेसमध्यें आणलें. या शर्यतींत अठ्ठावीस वेळां तीन फूट उंचीचा लांकडी अडथळा ओलांडावा लागतो आणि सात वेळां अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. हा अडथळा पाय लागला म्हणून पडत नाहीं; पडतो तो माणूस. पुढच्याच वर्षीं, भुवनेश्वर येथें, ८ मिनिटें २९.८० सेकंदांत धांवून त्यानें गोपाल सैनीचा १९८१ पासून चालत आलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल संमेलनांत ८ मिनिटें ११.२० सेकंद धांवून तो दुसरा आला. सुवर्णपदक पांच शतांश सेकंदानें हुकलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत सपाट पांच हजारांत त्यानें बहादूर प्रसादचा तीस वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रमही मागें टाकला, आणि २०२३ च्या मे महिन्यांत ती वेळ १३ मिनिटें १९.३० सेकंदांवर आणली.

येथूनच त्याच्या दुहेरीची चर्चा सुरू झाली, आणि ती निरर्थक नव्हती. स्टीपलचेस व पांच हजार ही जोडी जगांत क्वचितच कोणी घेतो. अडथळ्यांवरून उतरतांना एकाच पायावर सारा भार येतो, पाण्यांत भिजलेले बूट जड होतात, आणि मांडीचे तंतु सपाट शर्यतीपेक्षां अधिक दुखावतात. त्यावर तीन दिवसांनीं साडेबारा फेऱ्या! पण २०२३ च्या हांगझोच्या आशियाई संमेलनांत दोन गोष्टी त्याच्या बाजूनें होत्या. दोन्ही शर्यती थेट अंतिम होत्या, प्राथमिक फेरी नव्हती. आणि स्टीपलचेसमध्यें वेळेच्या दृष्टीनें तो इतरांच्या इतका पुढें होता कीं तेथें त्याला सर्वस्व पणाला लावण्याची गरज पडणार नव्हती. दुहेरी करणाराला पहिली शर्यत अशीच हवी असते: जिंकतां येण्यासारखी, पण पिळून न काढणारी.

तसेंच झालें. १ ऑक्टोबरला तो बहुतेक एकटाच पुढें धांवला आणि ८ मिनिटें १९.५० सेकंदांत, संमेलनाचा विक्रम करून, सुवर्णपदक घेतलें. भारतीय पुरुषाला आशियाई संमेलनांत या शर्यतींत मिळालेलें तें पहिलेंच सुवर्ण. मागचा जपानी धांवपटू चार सेकंदांहून अधिक मागें होता, आणि स्वतःच्या उत्तम वेळेपेक्षां साबळे आठ सेकंद सावकाश धांवला होता. ते आठ सेकंद म्हणजे ४ तारखेसाठीं राखून ठेवलेली शिल्लक. ४ ऑक्टोबरला पांच हजारांत बहरीनचा बिरहानू बालेव १३ मिनिटें १७.४० सेकंदांत पहिला आला आणि साबळे १३ मिनिटें २१.०९ सेकंदांत दुसरा. ही वेळ त्याच्या आयुष्यांतील तोंवरच्या उत्तम वेळेपेक्षां दोन सेकंदांनींही कमी नव्हती. अठ्ठावीस अडथळे व सात डबकीं ओलांडल्यावर तीन दिवसांनीं!

मात्र येथें उत्साहाला आवर घालावयास हवा. आशियांत जें जमलें तें ऑलिंपिकमध्यें जमेल असें त्या वेळीं कित्येकांनीं बोलून दाखविलें. आंकडे त्यांना साथ देत नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला थेट प्रवेशासाठीं स्टीपलचेसमध्यें ८ मिनिटें १५ सेकंदांची अट होती, ती साबळेनें पुरी केली. पांच हजारांची अट होती १३ मिनिटें ५ सेकंदांची. त्याच्या उत्तम वेळेहून ती चौदा सेकंद पुढें, म्हणजे मार्गावर सुमारें नव्वद मीटर. आणि अट पुरी झाली असती तरी वेळापत्रक आडवें आलें असतें. ७ ऑगस्टला सकाळीं पांच हजारांची प्राथमिक फेरी आणि त्याच रात्रीं स्टीपलचेसची अंतिम शर्यत! त्यानें एकच शर्यत धरली, महिन्यापूर्वीं पॅरिसमध्येंच ८ मिनिटें ९.९१ सेकंदांची वेळ दिली होती, आणि ऑलिंपिकची अंतिम फेरी गांठणारा या शर्यतींतील तो पहिला भारतीय पुरुष ठरला. अंतिम शर्यतींत तो अकरावा आला, ८ मिनिटें १४.१८ सेकंदांत.

दरम्यान सपाट शर्यतींत उत्तर प्रदेशचा गुलवीरसिंग पुढें आला. २०२५ च्या फेब्रुवारींत बॉस्टन येथें बंदिस्त मैदानांत त्यानें पांच हजार मीटर तेरा मिनिटांच्या आंत, १२ मिनिटें ५९.७७ सेकंदांत, पार केले. आणि मे महिन्यांत कोरियांतील गुमी येथें आशियाई अजिंक्यपदाच्या सामन्यांत दहा हजार व पांच हजार या दोन्ही शर्यती जिंकून जुनी, सरळ दुहेरी साधली. त्याच सामन्यांत साबळेनें ८ मिनिटें २०.९२ सेकंदांत स्टीपलचेसचें सुवर्णपदक घेतलें. तेव्हां साबळेच्या दुहेरीला आतां बहरीनचा अडथळा होताच, त्यांत घरचाही एक आला.

आणि जुलैंत मोनॅको येथें पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याचा बंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. अशा गुडघ्याच्या बाबतींत हिशेब उलटा मांडावा लागतो. स्टीपलचेस ही त्याची मुख्य शर्यत व पांच हजार ही जोडीची; पण अडथळ्यावरून उतरणारा भार सोसण्याजोगा गुडघा होण्यास बारा महिने लागले तर सपाट मार्गावर धांवण्याजोगा तो त्याच्या कितीतरी आधीं होतो. म्हणजे जी शर्यत दुसरी म्हणून घेतली होती तीच अशा धांवपटूला पहिली होऊन बसते, आणि पाण्याच्या खड्ड्यापाशीं तो मागाहून परततो.